परीक्षा संकेतस्थळाचीही व्हावी

शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत पोहोचला नाही तर दोष विद्यार्थ्याचा, असे आपले कार्यालयीन शास्त्र सांगते. अर्ज स्वीकारणारे संकेतस्थळ त्या दिवशी चालत होते की नाही, याची चौकशी सहसा होत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत ही चौकशी विशेष अगत्याची आहे. भामरागड, एटापल्ली किंवा कोरची तालुक्यातील खेड्यातून अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी येणाऱ्या मुलाचा दिवस जातो आणि अनेकदा घरच्या माणसाची मजुरीही बुडते. पर्लकोटेला पूर आल्याने भामरागडचा मार्ग बंद झाल्याचे अनेक पावसाळ्यांनी पाहिले आहे. एवढे सायास करून संगणकासमोर बसल्यावर बटण दाबूनही पुढचे पान उघडले नाही, तर त्या मुलाने दाद कोणाकडे मागावी?

ही शंका निराधार नाही. राज्य शासनाच्या ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरून शिष्यवृत्त्या देण्याचे ठरले, तेव्हा २०१७-१८ या वर्षी तांत्रिक अडचणींमुळे अर्ज कागदावर घेण्याची पाळी आली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने स्वीकारली; निकाल रखडले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या नव्या पद्धती मुळातच त्याज्य होत्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांची खरी कसोटी विद्यार्थ्यांच्या जिवावर लागली, हे मान्य करावे लागेल.

ही कसोटी आधी यंत्राकडून लावून घेता येते. २००४ मध्ये शिकागो येथे जेसन हगिन्स या अभियंत्याने ‘सेलेनियम’ या साधनाचा आरंभ केला. अशा साधनाला कृतींचा क्रम एकदा लिहून दिला की ते स्वतःच ब्राउझर उघडते, रकान्यांत नाव-गाव भरते, दाखल्याची प्रत जोडते, बटण दाबते आणि ‘अर्ज स्वीकारला’ ही अक्षरे पडद्यावर उमटली की नाही ते पाहते. उमटली नाहीत तर गाडे कोणत्या पायरीवर अडले, याची पडद्याच्या चित्रासह नोंद ठेवता येते. संकेतस्थळात लहानसा बदल झाला तरी साऱ्या चाचण्या रातोरात पुन्हा चालवता येतात. माणसाला येणारा कंटाळा यंत्राला येत नाही. ब्राउझरला अशा आज्ञा देण्याची रीत २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली आणि सेलेनियम वापरण्यास परवान्याचे शुल्कही पडत नाही. खर्च आहे तो चाचण्या लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांचा. तो टाळण्यासाठी काटकसरीची सबब पुढे करणे शोभणारे नाही.

अर्थात, यंत्र सांगितले तेवढेच तपासते. मुंबईतील वेगवान जोडणीवर उत्तीर्ण झालेली चाचणी एटापल्लीतील मंद मोबाइल जोडणीविषयी काहीच सांगत नाही. मंद गती, लहान पडदा, मध्येच तुटलेला संपर्क यांची नक्कल या साधनांकडून करवून घेता येते. मात्र तशी आज्ञा कोणी तरी द्यावी लागते. ‘आत्राम’ हे आडनाव रोमन लिपीत एका दाखल्यावर एक ‘ए’ घेऊन, तर दुसऱ्यावर दोन घेऊन येऊ शकते. अशा अर्जाचे पुढे काय होते, हा प्रसंग चाचणीत असलाच पाहिजे. मंत्रालयात तो सुचेलच असे नाही; महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाला तो तोंडपाठ असतो.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. पान पुरते उघडण्यापूर्वीच यंत्राने बटण शोधले, तर निर्दोष संकेतस्थळही नापास ठरते. असे वारंवार झाले की ‘लांडगा आला’ या गोष्टीतल्याप्रमाणे कर्मचारी इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतात आणि खरा दोष त्यात दडून राहतो. ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी बटण प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबावयास यंत्राला सांगणे, हा त्यावरील उपाय जाणकारांस ठाऊक आहे. आणि पडद्यावरील सूचनेचे मराठी माडिया बोलणाऱ्या मुलाला समजते काय, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. त्यासाठी त्या मुलालाच समोर बसवावे लागेल.

केंद्र शासनाची ‘एसटीक्यूसी’ ही यंत्रणा शासकीय संकेतस्थळे तपासून प्रमाणपत्र देते. परंतु प्रमाणपत्र मिळते ते तपासणीच्या दिवशीच्या स्थितीचे. संकेतस्थळ मात्र पुढेही बदलत राहते. म्हणूनच २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांतील लिपिकांकडून अडचणीचे प्रसंग गोळा करून शासनाकडे द्यावेत. शासनाने त्यांवरून चाचण्या लिहवून घ्याव्यात आणि अर्ज खुले करण्यापूर्वी त्यांचा निकाल जाहीर करावा. मुदतीच्या काळातही त्या रोज चालाव्यात आणि ज्या दिवशी संकेतस्थळ नापास ठरेल, तो दिवस विद्यार्थ्याच्या मुदतीत धरू नये.

विद्यार्थी वर्षाच्या शेवटी परीक्षा देतो आणि नापास झाला तर परिणाम भोगतो. त्याचा अर्ज स्वीकारणाऱ्या यंत्रणेने वर्षाच्या आरंभी आपली परीक्षा द्यावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.