विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगानंतरची संप्रेरक गोळी थांबवायची केव्हा?

नवी दिल्ली : दर ऑक्टोबरमध्ये गुलाबी फिती लावून स्तनाच्या कर्करोगाच्या लवकर निदानाविषयी देशभर जनजागृती केली जाते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन आटोपून रुग्ण घरी परतल्यानंतरच्या वर्षांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. अनेक महिलांसाठी उपचारांचा सर्वांत लांब टप्पा तेव्हाच सुरू होतो : रोज एक गोळी, किमान पाच वर्षे. ती सुरू ठेवायची की थांबवायची, याचा निर्णय बऱ्याचदा डॉक्टरांसमोर नव्हे, तर घरातल्या घरात आणि कोणालाही न सांगता घेतला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, तर सुमारे ९८ हजार महिलांचा मृत्यू झाला. ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर आढळतो, त्यांनाच संप्रेरक उपचारांचा लाभ होतो. टॅमॉक्सिफेन हे औषध कर्करोगाच्या पेशींपर्यंत इस्ट्रोजेनचा संदेश पोहोचू देत नाही. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल ही औषधे रजोनिवृत्तीनंतर शरीरात तयार होणारे इस्ट्रोजेनच कमी करतात.

पाच वर्षांच्या आत गोळी थांबवणे आणि पाच वर्षांनंतर थांबवणे, हे दोन पूर्णतः वेगळे निर्णय आहेत. चर्चेत त्यांची सरमिसळ होते.

पहिल्याबाबत पुरावा भक्कम आहे. अनेक चाचण्यांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या महिलांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू पहिल्या १५ वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटले. तरीही अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात ८,७६९ महिलांच्या नोंदी तपासल्या असता केवळ ४९ टक्के महिलांनी हे उपचार पूर्ण मुदतीपर्यंत नियमित घेतल्याचे २०१० मध्ये दिसून आले. विमा आणि नोंदींची चोख व्यवस्था असलेल्या ठिकाणची ही स्थिती आहे.

गोळी सोडण्यामागची कारणे क्षुल्लक नाहीत. अंगातून वाफा येणे, झोप उडणे, सकाळी बोटे न वळणे, योनीमार्गाचा कोरडेपणा. यातील शेवटची तक्रार गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, शेजारी मुलगा किंवा दीर उभा असताना, कोणती महिला सांगू शकेल? सांधेदुखीची तर ‘वय झाले’ म्हणून बोळवण होते. प्रत्यक्षात औषध बदलणे, नियमित व्यायाम, हाडांची घनता तपासून उपचार करणे असे मार्ग उपलब्ध आहेत. वाफांवर दिली जाणारी काही नैराश्यविरोधी औषधे, विशेषतः पॅरोक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचे शरीरातील सक्रिय रूपांतर रोखतात. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातानाही या गोळीची माहिती देणे आवश्यक ठरते.

अपत्याची इच्छा असलेल्या तरुण महिलांसाठी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली पॉझिटिव्ह चाचणी महत्त्वाची आहे. १८ ते ३० महिने उपचार घेऊन गर्भधारणेसाठी जास्तीत जास्त दोन वर्षे ते थांबवणाऱ्या महिलांमध्ये सुमारे तीन वर्षांच्या पाहणीत आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. मात्र हा कालावधी अल्प आहे. शिवाय तो ठरवून घेतलेला विराम होता. त्यानंतर उपचार पुन्हा सुरू करणे अपेक्षित होते.

पाच वर्षांनंतरचे गणित गुंतागुंतीचे आहे. २०१२ मधील ॲटलास चाचणीत टॅमॉक्सिफेन दहा वर्षे घेणाऱ्या गटात निदानानंतरच्या पाचव्या ते चौदाव्या वर्षांतील स्तनकर्करोगाच्या मृत्यूंचे प्रमाण १२.२ टक्के, तर पाच वर्षांनी थांबणाऱ्या गटात १५ टक्के होते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका मात्र १.६ वरून ३.१ टक्क्यांवर गेला. रजोनिवृत्तीनंतरच्या महिलांना अनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षे द्यावे की पाच, हे तपासणाऱ्या ऑस्ट्रियातील चाचणीत २०२१ मध्ये दीर्घ मुदतीचा अधिक लाभ आढळला नाही. हाडे मोडण्याचे प्रमाण तेवढे वाढले.

मग कोणी थांबावे? उत्तर मूळ आजारात दडलेले आहे. पाच वर्षे उपचार घेतलेल्या ६२,९२३ महिलांच्या २०१७ मधील विश्लेषणात, गाठ दोन सेंटीमीटरपर्यंत आणि काखेतील लसिका ग्रंथी स्वच्छ असल्यास पुढील १५ वर्षांत आजार दूरच्या अवयवांत पसरण्याचा धोका १३ टक्के होता. चार ते नऊ ग्रंथी बाधित असल्यास तो ३४ टक्के होता. पहिल्या महिलेला पाच वर्षांनी थांबणे रास्त ठरू शकते. दुसरीला तोच सल्ला देणे अवघड आहे.

हा निर्णय घ्यायचा तर गाठीचा आकार, तिची प्रत आणि बाधित ग्रंथींची संख्या नोंदवणारा शस्त्रक्रियेच्या वेळचा पॅथॉलॉजी अहवाल हाती असावा लागतो. शस्त्रक्रिया मुंबईत आणि पुढची तपासणी इंदूर, बेळगाव किंवा नांदेडमध्ये, अशा स्थितीत पाच वर्षांनंतर नेमका तोच कागद फाइलमध्ये सापडत नाही.