उत्खननाचें दप्तर

शेत एकदां नांगरलें तरी पुढील वर्षीं पुन्हां नांगरतां येतें; प्राचीन वस्तीचा थर एकदां खणला कीं तो पुन्हां खणतां येत नाहीं. संशोधक ज्या साक्षीचा शोध घेतो, तीच त्याच्या कुदळीनें नाहींशी होते. मडकें कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं सांपडलें हें टिपलें असेल तरच त्यास अर्थ. खणलेल्या जागेचा खरा अवशेष म्हणजे तें टिपण.

हें दप्तर आतां बहुतांशीं संगणकावर असतें. सोय मोठी; पण आयुष्य किती? बीबीसीनें १९८६ सालीं, इंग्लंडांतील १०८६ च्या ‘डूम्सडे’ जमीनपाहणीस नऊशें वर्षें झालीं म्हणून, देशाची नवी माहिती लेसर-तबकड्यांवर भरली. वीस वर्षेंही झालीं नाहींत तोंच त्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं. जुना चर्मपत्री ग्रंथ मात्र आजही वाचतां येतो.

आम्हां नरखेडकरांस इंग्लंडास जावयास नको. शेजारच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर आहे. तेथील प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट दीड हजार वर्षांनंतरही वाचला गेला. परंतु त्याच रिद्धपुराशीं निगडित असलेल्या महानुभावांची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनीं आपले ग्रंथ सकळ इत्यादि सांकेतिक लिप्यांत जपले. पोथ्या शाबूत होत्या, पण बाहेरच्यास अक्षर लागेना. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं ती लिपी उलगडली तेव्हां तें वाङ्मय इतरांस खुलें झालें. महानुभावांस लपविण्याचें कारण होतें. एकाच कंपनीच्या प्रणालीनें उघडणाऱ्या फाइलींत उत्खननाचीं मोजमापें कोंडणाऱ्यास कोणतें कारण आहे? ती कंपनी बुडाली कीं राजवाडे कोठून आणावयाचे?

वैदिकांनीं कागदावांचून संहिता राखली. पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या पाठांनीं तेच शब्द म्हटल्यामुळें एका पाठांतील चूक दुसऱ्यांत पकडली जाते. शिवाय पाठशाळा दूरदूर विखुरलेल्या. संगणकज्ञही हेंच करतात: प्रती अनेक ठिकाणीं ठेवावयाच्या, प्रत्येक फाइलीवरून गणितानें एक अंक काढावयाचा व तो वरचेवर ताडून पाहावयाचा. घनपाठ्यास दक्षिणा लागते, तसा ह्या कामासही कायमचा खर्च आहे. तो खणण्याच्या मंजुरीबरोबरच मंजूर झाला पाहिजे. मागाहून कोणी देत नाहीं.

मग सर्व कांहीं सर्वांस उघडें करावें काय? नाहीं. विदर्भांत न खणलेलीं शिळावर्तुळें पुष्कळ आहेत; त्यांचे अचूक अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करणें म्हणजे धनलोभ्यांस पत्ता देणें होय. तेवढें राखून ठेवावें. परंतु गांवकऱ्यांपासून सारेंच राखणें हा निराळा अन्याय. नागपूरजवळील जुनापाणीचीं वर्तुळें एकोणिसाव्या शतकांत रिव्हेट-कार्नाक यानें उकरलीं. तेथील वस्तु लंडनच्या ब्रिटिश म्युझियमांत गेल्या आणि वृत्तान्त इंग्रजींत राहिला. आतां नकलेस फारसा खर्च नाहीं. ज्या गांवाची जमीन खणली, तेथील शाळेंत त्या टिपणाची मराठी प्रत कां नसावी?