प्लास्टिकच्या केरातून अंगणाची फरसबंदी

म्हैसूरचे नाव निघताच राजवाडा, दसरा, रेशीम आणि चंदनाचा साबण आठवतो. 2015 साली या लौकिकात आणखी एक भर पडली. देशातील 476 शहरांची स्वच्छतेची जी क्रमवारी त्या वर्षी जाहीर झाली, तीत म्हैसूर पहिले आले. पुढच्या वर्षी 73 शहरांच्या पाहणीतही त्याने तेच स्थान राखले. या यशाचा पाया घराघरांत घातला गेला होता. पौरकार्मिकाची शिटी ऐकू येताच 'हसी कस' आणि 'ओण कस', म्हणजे ओला व सुका केर, निरनिराळा देण्याची सवय तेथील पुष्कळ कुटुंबांनी लावून घेतली. कुंबारकोप्पल, म्हणजे कुंभारांची वस्ती, येथील केंद्रात सुका केर पुन्हा जातवारीने निवडून विक्रीस ठेवण्याचा प्रयोगही नावाजला गेला.

परंतु सर्वच केराला गिऱ्हाईक मिळत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या स्वच्छ पिशव्या भंगारवाला घेतो. पातळ, मळक्या पिशव्या मात्र कोणी घेत नाही. त्या गटारे तुंबवितात आणि गाईगुरांच्या पोटात जातात. अशा प्लास्टिकचे पेव्हर ब्लॉक, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, करता येतात.

त्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत प्लास्टिक तापवून मऊ करतात व खडी त्यात घोळतात. प्लास्टिकच सिमेंटचे काम करते. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी या मार्गाने 'प्लास्टोन' नावाचा ठोकळा तयार केला. एका ठोकळ्यात सुमारे 300 पिशव्या आणि 6 बाटल्या सामावतात. टाकाऊ प्लास्टिक वापरून डांबरी रस्ते करण्याची पद्धतही त्यांचीच. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या रीतीत नेहमीच्या काँक्रीटमधील वाळूचा थोडा भाग काढून त्याऐवजी प्लास्टिकचा बारीक चुरा घालतात. ठोकळा वजनाला हलका होतो. मात्र प्लास्टिकच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट घट्ट धरत नाही. त्यामुळे चुरा जसा वाढवावा, तशी मजबुती घटते. म्हणून प्रमाण थोडेच ठेवावे लागते, आणि असे ठोकळे अंगण, पायवाट किंवा बागेतील वाट यांनाच अधिक शोभतात.

येथे घराचा संबंध येतो. पिशवीला तेल, आमटी किंवा माती चिकटली असेल, तर सिमेंट आणखीच सुटते. धुऊन, वाळवून दिलेली पिशवी कामास येते. खरकट्यात कालवलेली पिशवी धुण्याचा खर्च कोणालाच परवडत नाही. भांडी विसळल्यानंतरच्या पाण्यात ती खळबळून दोरीवर वाळत घालणे, एवढेच काम गृहिणीने, आणि घरातील इतरांनीही, अंगवळणी पाडावे. पी.व्ही.सी. नळांचे तुकडे व विजेच्या तारांची वेष्टने यांत कधीही मिसळू नयेत. ती तापविल्यास हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. याच कारणास्तव घरी प्लास्टिक वितळविण्याचा अथवा जाळण्याचा उद्योग कोणीही करू नये.

एक लहानसा हिशेब पाहण्यासारखा आहे. रोज दोन पिशव्या घरात आणणाऱ्या कुटुंबाच्या वर्षाकाठी 730 पिशव्या होतात. मदुराईच्या मापाने त्यांतून जेमतेम अडीच ठोकळे निघतील. एका अंगणाला शेकडो ठोकळे लागतात. म्हणजे एकट्या घराने नव्हे, तर सबंध आळीने केर वेगळा ठेवला, तरच हे काम उभे राहते.

ठोकळा होतो म्हणून पिशव्या खुशाल वापराव्यात, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ठोकळ्यातील प्लास्टिक नाहीसे होत नाही. वर्दळीने पृष्ठभाग झिजला की त्याचे बारीक कण मातीत जाण्याचा संभव राहतो. तेव्हा बाजाराला जाताना कापडी पिशवी नेणे, हा पहिला उपाय होय, ठोकळा शेवटचा. आणि आपल्या वसाहतीत असे सिमेंटचे ठोकळे बसवावयाचे ठरल्यास, भारतीय मानक 15658 प्रमाणे त्यांच्या दाबशक्तीची चाचणी झाल्याचा दाखला पुरवठादाराकडून आधी मागून घ्यावा.