सोफ्याची पाठ

घटस्थापनेच्या आधी घर धुवून काढायची आपली रीत. या आठवड्यात सिडकोतल्या आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर गोधड्या वाळत होत्या आणि घराघरातून नको झालेल्या वस्तू बाहेर पडत होत्या. मंगळवारी कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर तिघांच्या बैठकीचा एक जुना सोफा येऊन पडला. बुधवारी सकाळी भंगारवाल्याने त्याची सागाची चौकट, स्प्रिंगा, लोखंडी पाय काढून नेले. संध्याकाळी उरलेल्या ढिगाला कुणीतरी काडी लावली. मी दूध घेऊन येत होतो. धुराला जळक्या केसांचा वास आला आणि मी पिशवी तिथेच ठेवून धावलो.

हा वास ओळखता येतो. रेक्झिन जळतं तेव्हा प्लॅस्टिकचा उग्र दर्प येतो आणि ते वितळून थेंब थेंब गळतं. कातडं गळत नाही. ते आक्रसतं, काजळतं आणि न्हाव्याच्या दुकानात कुणी काडी ओढल्यासारखा वास येतो. बैठकीचा भाग गेला होता. पाठीचा मोठा तुकडा मात्र ढिगाच्या कडेला दुमडून पडला होता, तो मी ओढून काढला. साडेचार फूट लांब, तपकिरी, एका टोकाला हातभर करपलेला. उलटून पाहिला तर मागे विणलेलं कापड नव्हतं, मऊ लव होती. खरं कातडं. ज्यांनी जाळलं त्यांना हे माहीत नव्हतं, ज्यांनी टाकलं त्यांनाही नसावं.

मला राग आला तो इथे. नारेगावच्या कचरा डेपोचं मी पुन्हा उगाळत नाही. 2018च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि या शहराचा कचरा कित्येक महिने आपल्याच दारात कुजला, धुमसला, ते दिवस या सदराच्या वाचकांनी माझ्यासोबत काढलेत. तेव्हा आपण ओला आणि सुका एवढे दोन शब्द शिकलो आणि तिथेच थांबलो. सोफा ओला की सुका? घंटागाडीवाला तो घेत नाही, भंगारवाला अर्धा नेतो, उरलेल्याला काडी लागते. सोफ्यांचं कातडं बहुतेक क्रोमवर कमावलेलं असतं. ते जाळलं की त्यातलं क्रोमियम अधिक घातक रूप घेऊ शकतं. ती राख पहिल्या पावसात नाल्याला लागते.

मे महिन्यात मी रेक्झिनवर लिहिलं तेव्हा काही फर्निचरवाल्यांना ते बोचलं होतं. माझं म्हणणं तेच आहे. 'लेदर सोफा' म्हणून आज जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं एक तर नुसतं प्लॅस्टिक चढवलेलं कापड असतं, नाहीतर कातड्याचा भुगा चिकटवून वरून रंगवलेला पापुद्रा. चार-पाच पावसाळे झाले की त्याचे पोपडे निघतात, मुलांच्या घामट मांड्यांना चिकटतात. त्यातून काहीही वाचवता येत नाही. वाचतं ते जुनं. तीस वर्षांपूर्वीच्या साहेबी खुर्च्या, वडिलांच्या निवृत्तीच्या वेळी घेतलेले सोफे. या वर्षी नेमकं तेच घराबाहेर पडतंय, आणि त्याच्या जागी पोपडे निघणारं आत येतंय.

सोफा पेटलेला पाहिला तेव्हा मला आमच्या फुलंब्रीकडच्या विहिरीवरची मोट आठवली. मी ती चालताना पाहिलेली नाही. माझ्या लहानपणी तिथे इंजिन आलेलं होतं, मोटवणाची लाकडं तेवढी उभी होती. पण आजोबा मोटेबद्दल बोलायचे तेव्हा त्यांचे हात बोलायचे. कातड्याची मोठी पिशवी, तोंडाला कडं, खाली सोंड. जाड नाडा तोंडाला, बारीक सोंदूर सोंडेला. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटाला लागतं. रोज भिजायची, रोज घासायची. तरी अशी मोट फुटली म्हणून कधी उकिरड्यावर गेली नाही.

आधी तिला ठिगळ लागायचं. ठिगळावर ठिगळ झालं की मोट गावातल्या चांभाराकडे जायची आणि तो तिला जमिनीवर पसरून बराच वेळ नुसता बघत बसायचा. आजोबांना हे बघणं फार आवडायचं. कुठे कातडं अजून जाड आहे, कुठे पाण्याने सैल पडलंय, हे तो अंगठ्याने दाबून ठरवायचा. जाड भागाच्या वहाणांचे तळ निघायचे. मधल्या भागाची बैलाची घुंगुरमाळ ओवायची पट्टी. कडेच्या लांब चिंधोट्यांचा आसूड आणि वाद्या. अगदी शेवटी उरलेल्या बोटभर तुकड्याची चकती दाराच्या बिजागरीखाली जायची, दार करकरू नये म्हणून. एका मोटेची चार-पाच आयुष्यं व्हायची. गावात तिला कापू जाणणारा माणूस होता आणि ती त्याच्यापर्यंत पोचायची वाट सगळ्यांना पाठ होती. सोफ्याला ती वाट नाही. कातडं तेच, माणूसही आहे, पैठण गेटपासून टीव्ही सेंटरपर्यंत छत्रीखाली बसलेला आहे. मधली वाट मात्र बुजलीय.

मोटेचं गाव मला परत नकोय, हेही इथेच लिहितो. ज्या हातांनी ती मोट शिवली त्या हातांना त्याच विहिरीचं पाणी शेंदायची मुभा नव्हती. कातड्यातून वर आलेलं पाणी सगळ्या गावाला चालायचं आणि कातडं शिवणाऱ्याची सावली चालायची नाही. आजोबा हे सांगताना खाली बघायचे. याच शहरात 1950 साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढलं, पुढे ते मिलिंद झालं. मेलेली जनावरं ओढणं सोडा, असं त्यांनी आपल्या माणसांना कळवळून सांगितलं होतं. ज्या घराने हा धंदा सोडण्यासाठी दोन पिढ्या खर्च केल्या, त्या घरातल्या मुलाला 'कातडं हातात धर, त्यात कला आहे' असं सांगण्याचा मला अधिकार नाही. मला सांगायचंय ते बाकीच्यांना.

कारण बाकीच्यांनी एक शब्द बदलला आणि काम सोवळं करून घेतलं. आपल्या शहरात हल्ली शनिवार-रविवारी 'लेदर क्राफ्ट'चे वर्ग भरतात. चांगली गोष्ट आहे, मुलं-मुली हाताने काही करतात याचा मला आनंदच आहे. पण तिथल्या एका ताईंना मी विचारलं, चामड्याचं काम शिकवता का? त्या म्हणाल्या, "चामड्याचं नाही हो, लेदरचं." मला ते फार लागलं. तिथे बाहेरगावाहून मागवलेलं, पातळ पुडक्यातलं नवं कातडं कापतात. रस्त्यापलीकडे छत्रीखाली बसलेल्या माणसाकडे त्यातलं कुणी आरी कशी धरायची ते विचारायला गेलेलं नाही. मुंबईत सुधीर राजभर यांनी याच्या नेमकं उलट केलं. त्यांनी 'चमार' हेच नाव आपल्या स्टुडिओला दिलं आणि चर्मकार कारागिरांना सोबत घेऊन पुनर्वापराच्या रबराच्या पिशव्या घडवल्या. 2024 साली त्यांच्या खुर्च्या मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात मांडल्या गेल्या. शब्द लपवला नाही म्हणून काम अडलं नाही.

गोवंशहत्याबंदीचा कायदा 2015 साली लागू झाल्यापासून राज्यातले कारागीर कच्च्या मालाच्या टंचाईबद्दल बोलताहेत. अशा राज्यात कमावलेलं, तयार कातडं प्लॉटवर पेटतं, हे मला समजत नाही.

गुरुवारी मी तो तुकडा घेऊन पैठण गेटजवळच्या काकांकडे गेलो. वीस वर्षं माझ्या चपला तेच शिवतात. त्यांनी आधी करपलेलं टोक रापीने काढून टाकलं. मग तुकडा मांडीवर पसरला आणि काही न बोलता बघत बसले. अंगठा ओला करून लवेच्या बाजूने फिरवला, कड चिमटीत धरून वाकवली, कानाजवळ नेऊन चुरगाळली.

"क्रोमचं हाय दादा," ते म्हणाले. "मऊ हाय. याचा पट्टा नका करू, लांबंल. नक्षीबी बसायची न्हाई, दाबलं की परत उठतंय. पर पिशवीला लई गोड."

मग त्यांनी मला शिकवलं ते असं. सोफ्याचं बसायचं कातडं घ्यायचं नाही, ते ताणलेलं असतं. डोकं टेकायची जागा तर नकोच, आपण मराठी माणसं केसांना तेल लावतो, त्याने वरचा रंग आणि खालचं कातडं दोन्ही सडतं. घ्यायची ती मागची पाठ आणि बाजू, भिंतीला टेकलेली, कुणाचा हात न लागलेली. खालच्या पिना पक्कडीने उपटायच्या, ओढून फाडायचं नाही. शिवणीवर पात्याने टाका टाका उसवायचा. फडकं ओलं करून पुसायचं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात ते कडक होतं.

त्यांनी माझ्यासमोर चष्म्याचं घर शिवलं. एक गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. तुकड्याच्या कडेला सोफ्याची जुनी दुहेरी शिवण तशीच होती. मी म्हटलं, ही कापून टाका. त्यांनी मान हलवली. ती शिवण त्यांनी घराच्या तोंडाशी आणली, म्हणजे जिथे चष्मा रोज आत-बाहेर होणार तिथे. कारखान्याच्या सुईने तीस वर्षांपूर्वी पाडलेली भोकं होतीच, त्याच भोकांतून आरीने मेणाचा दोरा ओवला. एकही नवं भोक पाडलं नाही. "शिवल्यालं कशाला उसवायचं? तिथं कातडं दुहेरी हाय," एवढंच म्हणाले. दीडशे रुपये घेतले, मी दोनशे दिले तर पन्नास परत केले.

उरलेल्या तुकड्यातून आमच्या गल्लीतल्या सुताराच्या पटाशांना चार म्यानं होतील, असं त्यांनी खडूने आखून दाखवलं. तुकडा त्यांच्याकडेच ठेवलाय. काल संध्याकाळी समोरच्या वहिनी फाटकाशी येऊन विचारून गेल्या, त्यांच्या सासऱ्यांची फिरती खुर्ची टाकायची आहे, आधी कुणाला दाखवू? मी त्यांना काकांची छत्री कुठे असते ते सांगितलं आणि खुर्ची उलटी करून पाठीमागची लव पाहिली. खरं कातडं आहे. आज दुपारी आम्ही दोघं पक्कड घेऊन पिना काढायला बसणार आहोत.