उपग्रहाला साग दिसतो की संत्रं?

दर दोन वर्षांनी एक बातमी येते, 'राज्याचं वनक्षेत्र वाढलं'. आपण ऑफिसात चहा पिता पिता ती वाचतो, बरं वाटतं, आणि पुढच्या बातमीवर जातो. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौ. किमी होतं, म्हणजे २०१९ पेक्षा २० चौ. किमी जास्त. छान! पण हे २० आले कुठून?

हा हिशोब डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या चित्रांवरून मांडते. व्याख्या सोपी आहे: किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर १० टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र. जमीन कुणाची, झाड कुठलं, याच्याशी घेणंदेणं नाही. यात लपवाछपवी काही नाही, अहवालातच हे लिहिलेलं असतं. नोंदलेल्या वनाच्या आतलं आणि बाहेरचं आच्छादनही वेगळं दिलेलं असतं. पण बाहेर सगळ्याच बागा नसतात आणि आत सगळंच जंगल नसतं.

आता आमचं पुलगाव ज्या वर्धा जिल्ह्यात आहे तिथलंच बघा. आर्वी-कारंजा भागात संत्र्याच्या बागा, आणि बोर व्याघ्र प्रकल्पात सागाचं जंगल. हिशोबात दोन्ही एकच! उद्या सागाचा एक तुकडा गेला आणि तेवढीच बाग वाढली, तर बेरीज जशीच्या तशी. तेंदूपत्ता आणि मोहफुलं मात्र बागेत मिळत नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी एकाच कॉलममध्ये कोंबल्या की काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको :)

गंमत म्हणजे हा फरक आकाशातूनही कळतो. पावसाळ्यानंतरच्या चित्रात दोन्ही हिरवे. पण त्याच जागेचं एप्रिलचं चित्र शेजारी ठेवा... साग पानं गाळून उघडा, संत्रं हिरवंगार. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चित्रं फुकट मिळतात, आणि वर्षभर मिळतात. लावलेला साग आणि आपोआप उगवलेला साग यातला फरक मात्र बीटवरच्या वनरक्षकालाच विचारावा लागेल. त्याची नोंदवही आणि उपग्रहाचं चित्र एकत्र आणणं, खरं काम ते आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जंगल, लागवड आणि बाग यांचे जिल्हावार तीन वेगळे आकडे छापा, नकाशासकट. आकडा कमी झाला तर होऊ दे. खरा तरी असेल.