चित्रा-स्वातीचा पाऊस : गंजी झाकली का?

शेतकरी बंधूंनो, 10 ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा नक्षत्र लागते, 24 च्या आसपास स्वाती. मोसमी वारे आपल्या भागातून माघारी फिरण्याचे हेच दिवस. पण 'गेला पाऊस' म्हणून निर्धास्त राहू नका. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला अन् तेलंगणावरून पश्चिमेला सरकला, की मराठवाड्यात आभाळ पुन्हा भरून येते. सकाळी कडक ऊन, दुपार कलली की विजा नि सरी, ही त्याची रीत. सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणा अन् गोदाकाठची पिके पाण्यात गेली, ते आपण पाहिलेच.

मग करायचे काय? परभणी कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो बघूनच सोयाबीनला विळा लावा. कापलेला माल रानात पसरून ठेवू नका. गंजी उंचवट्यावर लावा, ताडपत्रीने झाका. खरीप 2025 मध्ये राज्याने पीकविमा कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर आणला. काढणीनंतरच्या नुकसानीला वेगळे संरक्षण ठेवले नाही. म्हणजे भिजलेल्या गंजीचा तोटा ज्याचा त्याला. यंदाचा नियम आधीच विचारून घ्या.

मात्र हाच पाऊस रब्बीचा आधार. वाफसा येताच पाभर धरा. कोरडवाहू ज्वारी 15 ऑक्टोबरच्या आत पडलेली बरी. पाणी असेल तर हरभऱ्याला नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत सवड आहे.

तलाठी, ग्रामसेवक मंडळींनो, 'दामिनी' अॅपवर विजेचा इशारा आला, की गावात लगेच पुकारा करा. झाडाखाली थांबलेला माणूस पंचनाम्याने परत येत नाही.