भाल्याआडची जमीन

झुलू म्हटले की ढाल, आखूड भाला आणि बिबळ्याचे कातडे एवढेच डोळ्यांपुढे येते. १९६४ सालच्या ‘झुलू’ या इंग्रजी चित्रपटाने हे चित्र जगभर पक्के केले. रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यात कोंडले गेलेले शे-दीडशे शिपाई आणि टेकड्यांवरून लोटत येणारे हजारो झुलू, एवढीच ती गोष्ट. त्याच ठिकाणाहून अकरा दिवस आधी इंग्रजी फौज नदी उतरून झुलूंच्या मुलखात शिरली होती, हे प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. आफ्रिकेतल्या ज्या लोकांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते, त्यांची भूमी कुठली, ती कोणी घेतली आणि आज तिच्यावर हक्क कोणाचा, हे विचारले तर भरपूर वाचणारी माणसेही गप्प होतात. आमच्या मते झुलूंचा इतिहास मुळात जमिनीचा इतिहास आहे, आणि भाल्याच्या वर्णनांत तो आजवर झाकला गेला आहे.

ही भूमी म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा आजचा क्वाझुलू-नाताल प्रांत. पश्चिमेला ड्राकन्सबर्गचे कडे. झुलू त्यांना उखाहलांबा म्हणतात. पूर्वेला हिंदी महासागर. मधल्या उतारावरून थुकेला, म्हलातुझे, पांढरी आणि काळी म्फोलोझी या नद्या खोल दऱ्या कापत समुद्राकडे जातात. वरच्या भागात पाऊस भरपूर, पण तिथले गवत कोवळे आहे तोवरच गुरांना मानवते. खाली दऱ्यांतले गवत हिवाळ्यातही कस टिकवून असते. गुरे ऋतूप्रमाणे वर-खाली हलवायची, हा तिथल्या जगण्याचा पाया होता. झुलूंची वस्ती, म्हणजे उमुझी, गुरांच्या आवाराभोवती वर्तुळात वसलेली असे. लग्न ठरले की वराकडची गुरे वधूच्या घरी जात. अशा मुलखातले वरचे कुरण तोडले की खालची दरीही गुरांना पुरेनाशी होते. पुढे नकाशावर रेघा ओढणाऱ्यांनी तेच केले.

लोखंड गाळणारे आणि शेती करणारे लोक थुकेलाच्या खोऱ्यात दीड हजार वर्षांपूर्वीही राहत होते, हे उत्खननांनी दाखवून दिले आहे. तरीही वर्णभेदाच्या राजवटीत शाळेतल्या मुलांना शिकवले गेले की काळे आणि गोरे या देशात साधारण एकाच सुमारास आले आणि गोऱ्यांना मिळाली ती जमीन ओसाडच होती. हा खोटेपणा उभा राहिला तो शाका या झुलू राजाच्या नावावर.

शाकाआधी झुलू हे अनेक कुळांपैकी एक लहानसे कूळ होते. म्थेथ्वा कुळाच्या डिंगिस्वायो या प्रमुखाच्या आश्रयाने वाढलेल्या या तरुणाने १८१६ च्या सुमारास कुळाची सूत्रे घेतली, न्द्वान्द्वे या प्रतिस्पर्धी कुळाची सत्ता मोडली आणि अवघ्या दहा-बारा वर्षांत एक बलाढ्य राज्य उभे केले. एका वयाच्या तरुणांची पलटण, म्हणजे इबुथो, हा त्या राज्याचा कणा होता. हे तरुण लढत, राजाची गुरे राखत, आणि राजाने परवानगी दिली की लग्न करून घर मांडत. शाकाच्या लढाया क्रूर होत्या. त्यांच्या धक्क्याने माणसे पार आजच्या झिम्बाब्वे-मलावीपर्यंत पांगली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या क्रौर्याचा हिशेब लिहिणारे कोण होते, तेही पाहिले पाहिजे. १८२४ मध्ये पोर्ट नाताल, म्हणजे आजचे डर्बन, येथे उतरलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांपैकी फेअरवेलने त्याच वर्षी शाकाकडून बंदराभोवतालच्या जमिनीची सनद मिळवल्याचे जाहीर केले. पोर्ट नातालच्याच नॅथॅनिएल आयझॅक्सने पुढे हेन्री फिन या सोबती व्यापाऱ्याला पत्र लिहून सुचवले की झुलू राजांना होईल तितके रक्तपिपासू रंगवावे. इंग्रज सरकारने नाताल घ्यावे आणि आपल्या जमिनींना भाव यावा, हा त्यातला हेतू होता. या दोघांचे लेखन शाकावरचे मूळ साधन म्हणून शतकभर वाचले गेले. १९८८ मध्ये ज्युलियन कॉबिंग या इतिहासकाराने या सगळ्या कथनालाच हात घातला. गुलामांच्या आणि मजुरांच्या शोधात निघालेल्या टोळ्यांनी माजवलेला विध्वंस शाकाच्या नावावर खपवला गेला, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे सगळे म्हणणे टिकले नाही. पण ‘शाकाने मुलूख ओसाड केला, गोऱ्यांनी तो वसवला’ हे वाक्य कोणाही जबाबदार अभ्यासकाला त्यानंतर लिहिता आलेले नाही.

१८२८ मध्ये सावत्र भावांनी शाकाचा खून केला. गादीवर आलेल्या डिंगानेने १८३८ मध्ये जमीन मागायला आलेल्या पीट रिटिफ या बोअरांच्या, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, पुढाऱ्याला साथीदारांसह ठार केले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्कोमे नदीकाठी बोअरांच्या बंदुकांपुढे सुमारे तीन हजार झुलू पडले. १८४३ मध्ये इंग्रजांनी थुकेलाच्या दक्षिणेचा नाताल ताब्यात घेतला. नदीच्या उत्तरेला झुलूंचे राज्य स्वतंत्र उरले, आणि ते आणखी छत्तीस वर्षे टिकले. त्याचा शेवट ज्याने घडवला, त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे.

सर बार्टल फ्रिअर हे ते नाव. १८४८-४९ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा फ्रिअर तेथे रेसिडेंट होते. खालसा करण्याचा निर्णय डलहौसीचा; पण त्याआधी आणि त्यानंतर साताऱ्याचा कारभार फ्रिअरनीच पाहिला. १८६२ ते १८६७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. कोटाच्या भिंती त्यांच्याच काळात पाडल्या गेल्या, आणि हुतात्मा चौकातल्या कारंज्याला आधी त्यांचेच नाव द्यायचे ठरले होते. हे गृहस्थ १८७७ मध्ये हायकमिशनर म्हणून केपला गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या वसाहती इंग्रजांच्या एका छत्राखाली आणायच्या, हे त्यांचे काम. त्या आराखड्यात स्वतःचे सैन्य बाळगणाऱ्या स्वतंत्र झुलू राज्याला जागा नव्हती.

अडचण अशी की झुलूंचा राजा केचवायो याला इंग्रजांशी लढायचे नव्हते. त्याचे भांडण ट्रान्सवालच्या बोअरांशी, सरहद्दीवरच्या जमिनीवरून होते. १८७८ मध्ये नातालच्या सरकारने या सरहद्दीची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगाने कागद तपासले, साक्षी घेतल्या आणि निकाल बव्हंशी झुलूंच्या बाजूने दिला. न्यायाने वागायचे तर हा निकाल जाहीर करून वाद मिटवायचा होता. फ्रिअरनी तो महिनोन्‌महिने दाबून ठेवला. ११ डिसेंबर १८७८ रोजी थुकेलाच्या काठी एका झाडाखाली झुलू प्रतिनिधींना बोलावून तो वाचून दाखवण्यात आला, आणि त्याच दिवशी, त्याच जागी, त्यांच्या हाती निर्वाणीचा खलिताही देण्यात आला. पलटणी मोडा, तरुणांना राजाच्या परवानगीशिवाय लग्न करू द्या, इंग्रज रेसिडेंट ठेवून घ्या. मुदत तीस दिवस. पलटणी मोडणे म्हणजे राज्यच मोडणे, हे फ्रिअरना पक्के ठाऊक होते. लंडनचे सरकार अफगाण युद्धात गुंतले होते आणि त्याला हे दुसरे युद्ध नको होते. पण तेव्हा केपपर्यंत तारायंत्र पोहोचले नव्हते, आणि नकाराचे पत्र समुद्रमार्गे येईपर्यंत फौजा हलल्या होत्या. कारकिर्दीची तीसएक वर्षे हिंदुस्थानात घालवलेल्या माणसाला रेसिडेंट ठेवून घ्यायला लावण्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. साताऱ्याच्या इतिहासात फ्रिअरांचा उल्लेख येतो, मुंबईच्या इतिहासात येतो. झुलूंच्या इतिहासातली त्यांची ही करणीही मराठी वाचकाला माहीत असायला हवी.

२२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाच्या डोंगराखाली सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजी तळ कापून काढला. इंग्रजांच्या बाजूची तेराशेहून अधिक माणसे मेली. झुलूंच्या बाजूने निकाल देणाऱ्या आयोगातला कर्नल डर्नफर्डही त्यांतच पडला. नदी ओलांडून नातालमध्ये जाऊ नका, असा केचवायोचा आपल्या फौजेला हुकूम होता. आपण आपल्या घरात लढत आहोत हे त्याला दाखवायचे होते. रोर्क्स ड्रिफ्टवर चालून गेलेल्या तुकडीने तो हुकूम मोडला, आणि जगाला आठवते ती तीच तुकडी. ४ जुलैला उलुंडीला गॅटलिंग तोफांपुढे झुलू फौज मोडली, राजधानी जाळली गेली आणि ऑगस्टअखेर राजा पकडला गेला.

इथे बहुतेक पुस्तके संपतात. खरी लूट इथून पुढची. जनरल वुल्झलीने राज्याचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटले. त्यांत जॉन डन हा गोरा व्यापारी होता आणि राजघराण्याचे वैरीही होते. केचवायोने १८८२ मध्ये लंडनला जाऊन व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. त्याला परत पाठवले ते तोडक्या राज्यावर, वैऱ्यांच्या शेजारी. पुढच्याच वर्षी यादवीत त्याची राजधानी पुन्हा जळाली, आणि १८८४ मध्ये एशोवे येथे तो वारला. त्याच्या मुलाने, दिनुझुलूने, बोअरांची मदत घेतली. त्यांनी मोबदल्यात मोठा मुलूख तोडून घेतला. उरलेला १८८७ मध्ये इंग्रजांनी खालसा केला, दिनुझुलूला सेंट हेलेनावर धाडले आणि १८९७ मध्ये तो मुलूख नातालला जोडून टाकला. १९०२ ते १९०४ या काळात जमिनीच्या आखणीसाठी आयोग बसला. झुलूलँडचा सुमारे दोन पंचमांश भाग, म्हणजे सव्वीस लाख एकरांच्या आसपास, गोऱ्यांच्या वसाहतीसाठी वेगळा काढला गेला. किनाऱ्यावरच्या सुपीक पट्ट्यात ऊस उभा राहिला. युद्धात कोणालाही जिंकता आली नव्हती एवढी जमीन मोजणीच्या साखळीने गेली.

या उसाशी आपल्या देशाचेही नाते आहे. नातालमधल्या मळेवाल्यांना झुलू मजूर मिळेनात, कारण ज्याच्याकडे जमीन आणि गुरे आहेत तो पडेल त्या मजुरीवर दुसऱ्याच्या मळ्यात राबत नाही. म्हणून १८६० पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले. १९११ पर्यंत त्यांची संख्या दीड लाखांवर गेली. पुढे झुलूंची जमीन गेली, डोक्यावर कर बसला, आणि तेही मळ्यांत आणि जोहान्सबर्गच्या खाणींत गेले. डोईपट्टीविरुद्ध १९०६ मध्ये बंबाथा या सरदाराने उठाव केला तेव्हा गांधीजी इंग्रजांच्या बाजूने शुश्रूषा पथक घेऊन गेले होते. साम्राज्यावर तेव्हा त्यांचा विश्वास होता. तिथे त्यांच्या वाट्याला आले ते जखमी झुलू. त्यांत नुसत्या संशयावरून फटके खाल्लेलेही होते, आणि गोरे लोक त्यांच्या जखमांना हात लावायला तयार नव्हते. गांधीजींनी त्यांची सेवा केली. आत्मकथेत ते या प्रकाराला युद्ध म्हणायलाच तयार नाहीत. त्या उठावात तीन ते चार हजार आफ्रिकी माणसे मारली गेली.

१९१३ च्या जमीन कायद्याने देशातली सुमारे सात टक्के जमीन काळ्यांसाठी राखली आणि बाहेर जमीन घेण्यास त्यांना बंदी केली. १९३६ मध्ये हा वाटा तेरा टक्क्यांच्या घरात नेला. १९१३ च्या कायद्याविरुद्ध लंडनला शिष्टमंडळ घेऊन जाणारे जॉन डुबे झुलूच होते, आणि पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. १९६० चे शांततेचे नोबेल मिळवणारे अल्बर्ट लुथुली ग्राउटव्हिलचे, झुलूच. झुलूंची लढाई अशीही चालली, अर्ज, सभा आणि वृत्तपत्रे यांच्या जोरावर. तिच्यावर मात्र ‘झुलू’सारखा जगभर गाजलेला चित्रपट निघाला नाही. वर्णभेदाच्या सरकारने शेवटी ‘क्वाझुलू’ नावाचा स्वशासित प्रदेश दिला, तोही गोऱ्यांच्या शेतांमध्ये विखुरलेल्या तुकड्यांचा.

आणि आज? एप्रिल १९९४ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला दोन-तीन दिवस उरले असताना, क्वाझुलूची जमीन ‘इंगोन्यामा ट्रस्ट’कडे सोपवण्यात आली. सुमारे अठ्ठावीस लाख हेक्टर, प्रांताच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हणता येईल इतकी. एकमेव विश्वस्त झुलूंचा राजा. ही जमीन बाजारात विकली जाऊ नये, हे राजघराण्याचे म्हणणे. ज्या समाजाने १९०४ आणि १९१३ पाहिले त्याने असे म्हणावे हे समजण्याजोगे आहे. पण या ट्रस्टने पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराच्या जागेसाठी लोकांकडून भाडेपट्टे लिहून घ्यायला सुरुवात केली, दरसाल दहा टक्के वाढत्या भाड्याने. बायकांना पुरुष नातेवाइकाशिवाय सही करता येईना. ग्रामीण महिलांची संघटना आणि काही वृद्ध रहिवासी न्यायालयात गेले. ११ जून २०२१ रोजी पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने हे पट्टे बेकायदा ठरवले आणि घेतलेले भाडे परत करायला सांगितले. याच ट्रस्टच्या मुलखात सोमखेले येथे कोळसा खाणीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फिकिले न्त्शांगासे यांना २२ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांच्या घरात गोळ्या घालून मारण्यात आले.

राजाच्या नावावर असलेली जमीन म्हणजे झुलूंची जमीन, हे समीकरण आम्हाला मान्य नाही. शाकाच्या राज्यातही कसणाऱ्याला आपल्या शेताचे भाडे भरावे लागत नव्हते. न्यायालयाने सांगितलेला पैसा पै न्‌ पै परत मिळाला पाहिजे, आणि घराच्या जागेचा कागद त्या घरात राहणाऱ्या बाईच्या नावावर, तिच्या एकटीच्या सहीने झाला पाहिजे.